पाच नावं सापडत नाहीत: देवगडच्या आंबा प्रतवारी यंत्रातलं एक लिंकर-प्रकरण

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यातल्या एका बागायतदारांच्या पॅकहाउसमध्ये हे घडलं. माणसांची, गावाची आणि यंत्र पुरवणाऱ्याची नावं मी देत नाही. बाकीचा तपशील जसा घडला तसा आहे. लिंकर म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्रऱ्या (तयार फंक्शनांचे संच) जोडून एक प्रोग्रॅम बनवणारं साधन, आणि फंक्शन म्हणजे नावाने हाक मारता येणारा प्रोग्रॅमचा तुकडा. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमनमध्येच दिसतात, हे वाचताना लक्षात ठेवावं.

पॅकहाउसमध्ये हापूसची वजनावर प्रतवारी करणारं एक लहान यंत्र आहे. पट्ट्यावरच्या वाटीत एक-एक फळ येतं, वाटीखालचा लोड सेल वजन घेतो आणि वजनाप्रमाणे सहापैकी एक दार उघडतं. मोठं फळ चार डझनी पेटीत, त्याखालचं पाच डझनी, मग सहा, असं बारीक फळापर्यंत. पेटीत एक जरी फळ हलकं निघालं तरी वाशीला भाव करताना बोट तिथेच जातं, त्यामुळे कोणतं दार कोणत्या ग्रॅमला उघडायचं हा बागायतदारांच्या रोजच्या विचाराचा विषय असतो. मार्चच्या पहिल्या तोडणीचं फळ आणि मेमधलं फळ सारखं नसतं. त्यात ज्या दिवशी पाच डझनीला उठाव असतो त्या दिवशी सीमारेषा थोडी सरकवावी लागते.

यंत्राचा प्रोग्रॅम सी++ मध्ये होता आणि रास्पबेरी पाय (पुढे नुसतं 'पाय') या छोट्या संगणकावर चालायचा. सहा दारांच्या सीमा प्रोग्रॅमच्या आतच लिहिलेल्या होत्या. त्या बदलायच्या तर प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायचा, म्हणजे लिहिलेल्या सोर्सचं यंत्राच्या भाषेत पुन्हा रूपांतर करायचं, आणि ते जमणारी एकच व्यक्ती होती: बागायतदारांची पुतणी. ती माझी जुनी विद्यार्थिनी. नोकरीमुळे ती जिल्ह्याबाहेर असते आणि हंगामात रजा काढून येते. नियम प्रोग्रॅमबाहेर एका साध्या फाइलीत ठेवावेत, म्हणजे काका स्वतःच आकडे बदलतील, असं तिने ठरवलं. त्यासाठी तिने लुआ ही स्क्रिप्टिंग भाषा निवडली. रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ मध्ये जन्मलेली ही भाषा मुळातच दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात बसवण्यासाठी घडवलेली आहे. ती सी मध्ये लिहिलेली आहे आणि आकाराने इतकी लहान आहे की तिचं सगळं मूळ सोर्स तीनशेएक किलोबाइटच्या दाबलेल्या फाइलीत मावतं. निवड योग्य होती, असं माझं आजही मत आहे.

फेब्रुवारीत तिने घरी लॅपटॉपवर हे सगळं जुळवलं. लुआ ५.३ च्या सोर्स फाइली स्वतःच्या प्रोग्रॅमशेजारी ठेवल्या, ज्या दोन फाइलींत स्वतःचं 'मेन' (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ते फंक्शन) आहे त्या वगळल्या आणि सगळ्या एकत्र जी++ या सी++ च्या कंपायलरने कंपाइल केल्या. पहिल्या दमात जुळलं. या क्षुल्लक वाटणाऱ्या तपशिलावर पुढचं सगळं प्रकरण उभं आहे.

अडचण

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, ती पॅकहाउसवर पोचली. पायवर लुआ ५.३ चं तयार पॅकेज आधीच बसवलेलं होतं. तेव्हा सोर्स सोबत बाळगण्यापेक्षा पॅकेजमधली लायब्ररी वापरावी, म्हणजे नीटनेटकं राहील, असा विचार करून तिने मेकफाइल (कंपाइल आणि जोडणी कशी करायची त्या सूचनांची फाइल) बदलली. कंपाइल झालं, पण जोडणी होईना. 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू' ने सुरू होणाऱ्या ओळींनी पडदा भरला.

संध्याकाळी मला तिचा फोन आला.

"सर, लिंकर लुआ सापडत नाही म्हणतोय. लायब्ररी तर समोर दिसतेय."

"फोटो पाठव."

फोटो आला तो शेवटच्या ओळीचा: 'कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस'. त्या ओळीत काहीच नसतं. लिंकर हरला, एवढंच ती सांगते. का हरला ते वरच्या ओळींत असतं. त्या वेळी मी वरच्या ओळी मागायला हव्या होत्या. तसं न करता मी सवयीने म्हणालो, "लायब्ररीचं नाव ओळीच्या शेवटी टाक, ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतर." ऑब्जेक्ट फाइल म्हणजे कंपाइल झालेला एकेक तुकडा. स्टॅटिक लायब्ररीच्या, म्हणजे जी प्रोग्रॅमच्या आतच येते तिच्या, बाबतीत हा सल्ला खरा आहे. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो, लायब्ररीपाशी पोचेपर्यंत ज्या नावांची मागणी नोंदली गेली आहे तेवढ्यांचेच तुकडे उचलतो आणि मागे वळून पाहत नाही. पण या अडचणीला हा उपाय लागू नव्हता, आणि लिंकरचा निरोप न वाचता उपाय सांगण्याची चूक माझी होती. त्यात तिचा मंगळवार गेला.

मंगळवारी तिने जे जे करून पाहिलं त्यात एक बदल असा झाला की त्याने दुसरीच अडचण आत आणली. पॅकेजमधल्या लायब्ररीचं नाव 'लुआ५.३' असं आवृत्तीसकट आहे आणि पहिल्या दिवशी मेकफाइलमध्ये तेच होतं. लुआच्या बहुतेक उदाहरणांत मात्र नुसतं '-एललुआ' ('लुआ' नावाची लायब्ररी जोड) लिहिलेलं असतं. तिने तसं करून पाहिलं, फरक पडला नाही, आणि ते तसंच राहिलं. एरवी पायवर असते तशा डेबियन घराण्यातल्या लिनक्स सिस्टमवर नुसत्या 'लुआ' नावाची लायब्ररीच नसते, म्हणजे लिंकरने 'सापडत नाही' असं स्पष्ट सांगितलं असतं. इथे तो गप्प राहिला. त्याला काहीतरी सापडलं होतं.

कंस असलेली नावं

बुधवारी सकाळी मी तिला पहिल्या दहा ओळींचा फोटो पाठवायला सांगितला. तो आला आणि पहिली गाठ तिथल्या तिथे सुटली. न सापडलेल्या प्रत्येक नावापुढे कंस होता आणि कंसात आर्ग्युमेंटचे, म्हणजे फंक्शनला दिल्या जाणाऱ्या माहितीचे, प्रकार होते. नुसतं 'लुआ_गेटटॉप' नव्हे, तर 'लुआ_गेटटॉप(लुआ_स्टेट*)'.

सी++ चा कंपायलर फंक्शनचं नाव जसंच्या तसं ऑब्जेक्ट फाइलीत ठेवत नाही. नावात आर्ग्युमेंटचे प्रकार गुंफून तो नवं नाव बनवतो. 'लुआ_गेटटॉप' चं होतं '_झेड१०लुआ_गेटटॉपपी९लुआ_स्टेट'. त्यातले १० आणि ९ म्हणजे पुढच्या नावातली रोमन अक्षरांची संख्या. लिंकर पडद्यावर दाखवताना हे पुन्हा उलगडून कंसासकट दाखवतो. सी चा कंपायलर असलं काही करत नाही, तिथे नाव साधंच राहतं. म्हणजे तिचा प्रोग्रॅम गुंफलेलं नाव मागत होता आणि पॅकेजमधल्या लायब्ररीत साधं नाव होतं. लायब्ररी समोर असूनही ओळख पटत नव्हती ती यामुळे.

मग फेब्रुवारीत कसं जुळलं? तेव्हा लुआच्या फाइलीही जी++ ने कंपाइल झाल्या होत्या. फाइलीचं शेपूट डॉट-सी असलं तरी जी++ तिला सी++ च समजतो. दोन्ही बाजूंची नावं गुंफलेली होती, म्हणून जुळली.

लुआच्या हेडर फाइलीत (फंक्शनांची नावं आणि प्रकार जाहीर करणाऱ्या फाइलीत) एक्स्टर्न "सी", म्हणजे नावं सी सारखी साधीच ठेव ही कंपायलरला सूचना, का नाही, असा प्रश्न तिने विचारला, आणि तो रास्त होता. बऱ्याच सी लायब्रऱ्यांत ते असतं. लुआच्या कर्त्यांनी ते मुद्दाम वगळलं आहे, कारण लुआ सी++ म्हणूनही कंपाइल होते. दोन्ही वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून 'लुआ.एचपीपी' नावाची वेगळी फाइल दिलेली आहे, आणि तिच्यात नेहमीची हेडर फाइल एक्स्टर्न "सी" मध्ये गुंडाळलेली असते. तिने 'लुआ.एच' च्या जागी 'लुआ.एचपीपी' घेतली. एका ओळीचा बदल.

बारा नावांपैकी सात नावं लगेच सापडली.

"सर, पाचच राहिलेत."

जोडणी झाली, पण वजन चुकलं

पाच राहिलेत म्हणजे जवळ आलो, असं तिला वाटलं आणि फोनवर मलाही वाटलं. या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय इथे होता आणि तो चुकला. म्हणून यावर जरा थांबतो.

ती पाच नावं अशी: लुआएल_लोडफाइलएक्स, लुआ_पीकॉलके, लुआ_गेटग्लोबल, लुआ_सेटग्लोबल, लुआ_टूइंटीजरएक्स. पुढे कंस नाहीत, नावं साधी. सापडलेल्यांत होती लुआएल_न्यूस्टेट, लुआएल_ओपनलिब्ज, लुआ_पुशइंटीजर, लुआ_क्लोज वगैरे.

लायब्ररी मिळालीच नसती तर बाराही नावं अडली असती. क्रम चुकला असता तरी बाराही. कंस असते तर गुंफण्याचा घोटाळा. इथे काही नावं मिळाली होती आणि काही अडली होती, म्हणजे लायब्ररी लुआचीच होती, पण वेगळ्या वयाची. लुआ जाणणाऱ्याला ही यादी आवृत्तीचा दाखला वाटावी. ५.१ मध्ये लुआ_पीकॉल हे खरं फंक्शन होतं. २०११ मध्ये आलेल्या ५.२ पासून ते नुसतं मॅक्रो (कंपाइल होताना दुसऱ्या मजकुराने बदललं जाणारं नाव) झालं आणि आतून लुआ_पीकॉलके हाक मारू लागलं. लोडफाइल आणि टूइंटीजर यांचंही तेच. गेटग्लोबल आणि सेटग्लोबल यांचा प्रवास उलटा, ५.१ मध्ये ती मॅक्रो होती आणि ५.२ मध्ये फंक्शन झाली. थोडक्यात, हेडर ५.३ ची होती आणि लायब्ररी ५.१ ची.

हे मी त्या दुपारी ओळखलं नाही. तिने ५.१ ची कागदपत्रं शोधली, तिथे लुआ_पीकॉल दिसलं, आणि तिने वाट काढली. एका वेगळ्या सी फाइलीत तिने पाच छोटी फंक्शनं लिहिली. लुआ_पीकॉलके नावाचं फंक्शन आतून लुआ_पीकॉल ला हाक मारतं, लोडफाइलएक्स लोडफाइलला, अशी. यात तिची हुशारी दिसते, हे मी मनापासून म्हणतो. जोडणी झाली. लिंकर एक शब्दही बोलला नाही.

संध्याकाळी यंत्र सुरू केलं. पट्ट्यावर काकांनी वीसएक फळं ठेवली. जवळजवळ सगळी पहिल्या दाराला, चार डझनीत, गेली. त्यांत ओंजळीत दोन मावतील इतकी बारीक फळंही होती. तिने नियमांच्या फाइलीत वजन छापायची ओळ टाकली, तर आकडे कधी कोटींत तर कधी शून्य.

काका इतका वेळ काही बोलले नव्हते. ते म्हणाले, "बाय, तुझां ता चलांदे, पण उद्या सकाळी तोडणी आसा. आंबो थांबाचो नाय."

पायची सिस्टम ३२ बिटांची होती. लुआ ५.३ मध्ये पूर्णांक ६४ बिटांचा असतो. ५.१ मध्ये तो पॉइंटरच्या (मेमरीतल्या पत्त्याच्या) रुंदीचा, म्हणजे या सिस्टमवर ३२ बिटांचा. ३२ बिटांच्या एआरएम प्रोसेसरवर फंक्शनला दिलेली पहिली आर्ग्युमेंटं शून्य ते तीन क्रमांकाच्या रजिस्टरांतून (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणांतून) जातात, आणि ६४ बिटांचा आकडा सम क्रमांकापासून सुरू होणाऱ्या जोडीतच ठेवावा लागतो. लुआ_पुशइंटीजरचं पहिलं आर्ग्युमेंट शून्य क्रमांकाच्या रजिस्टरात जातं. ५.३ च्या हेडरप्रमाणे कंपाइल झालेल्या तिच्या प्रोग्रॅमने वजन दोन आणि तीन क्रमांकांत ठेवलं. ५.१ च्या लायब्ररीने ते एक क्रमांकात शोधलं. तिथे आधीच्या कामाचा जो काही कचरा पडला होता तोच आंब्याचं वजन ठरला.

लुआ_पुशइंटीजर हे तर 'सापडलेल्या' सात नावांपैकी होतं. सी च्या जोडणीत लिंकर फक्त नाव जुळवतो. आर्ग्युमेंट किती रुंद, कोणत्या प्रकारचं, हे तो पाहत नाही, कारण नावात ते लिहिलेलंच नसतं. बुधवारी सकाळी ज्या कंसांचा आम्हाला त्रास वाटला, त्या कंसांतच हा पहारा होता. दोन्ही बाजू सी++ च्या असत्या तर एका बाजूला 'लाँग लाँग' आणि दुसऱ्या बाजूला 'इंट' असं होऊन जोडणी जागीच अडली असती आणि एकही फळ चुकीच्या पेटीकडे गेलं नसतं.

हाच जुगाड तिने लॅपटॉपवर केला असता तर वजनं बरोबर दिसली असती. तिथे सिस्टम ६४ बिटांची आहे, दोन्ही आवृत्त्यांचा पूर्णांक एकाच रुंदीचा आणि तो एकाच रजिस्टरातून जातो. घरी तपासून 'चालतंय' म्हणून आणलेला प्रोग्रॅम इथे चुकला असता आणि कारण शोधणं आणखी अवघड झालं असतं.

गुरुवार: कोणती फाइल उघडली?

रात्री मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, जुना प्रोग्रॅम परत चढव आणि उद्याची तोडणी त्यावर होऊ दे. दोन, ती पाच फंक्शनांची फाइल बाजूला ठेव, मी येतो. जुन्या प्रोग्रॅमची प्रत पायच्या मेमरी कार्डावर होती, कारण ती ठेवायचा आग्रह काकांनी धरला होता. गुरुवारची प्रतवारी जुन्या सीमांवर झाली आणि कुणाचंही काम अडलं नाही.

दुपारी मी पोचलो. पहिली पायरी: लिंकरला तो उघडत असलेली प्रत्येक फाइल छापायला सांगायची. जी++ ला '-डब्ल्यूएल,-टी' दिलं की लिंकर ती यादी देतो. यादीत '/यूएसआर/लोकल/लिब' मधली 'लिबलुआ.ए' होती. पॅकेजची लायब्ररी तिथे नसतेच. यंत्र पुरवणाऱ्यांनी पडद्यावरच्या आकड्यांच्या प्रोग्रॅमसाठी केव्हातरी लुआ ५.१ सोर्समधून बसवली होती, आणि लुआची स्वतःची मेकफाइल सगळं '/यूएसआर/लोकल' मध्ये ठेवते. '-एललुआ' ला तीच सापडत होती.

दुसरी पायरी खात्रीसाठी. 'एनएम' या आदेशाने दोन्ही लायब्रऱ्यांतली नावं काढली. ज्या नावापुढे 'टी' आहे ते लायब्ररीत आहे, 'यू' आहे ते तिला बाहेरून हवं आहे. पॅकेजच्या लायब्ररीत लुआ_पीकॉलके पुढे 'टी' होतं. जुन्या लायब्ररीत ते नावच नव्हतं. दोन्ही पायऱ्यांना मिळून दहा मिनिटं लागली. सोमवारी हे केलं असतं तर, हा विचार तिच्या आणि माझ्या मनात एकाच वेळी आला असावा, कारण थोडा वेळ आम्ही दोघंही पडद्याकडेच बघत होतो.

समोर असलेले पर्याय

निदान झाल्यावर लगेच मेकफाइल दुरुस्त करायचा मोह होता. आम्ही आधी पडवीत बसून पर्याय मांडले. काकाही होते, कारण हंगामभर हे त्यांनाच वापरायचं होतं.

लुआ काढून टाकायची आणि सहा आकडे एका साध्या मजकूर फाइलीतून वाचायचे, हा पहिला पर्याय. सगळ्यात सोपा, आणि मी प्रामाणिकपणे त्याच्या बाजूने बोललो. काकांनी तो नाकारला. त्यांना नुसते आकडे बदलायचे नव्हते. "दर ऱ्हवलो तर पाच डझनीत दोन ग्रॅम सोडूक व्हये, आनी पेटी भरत इली की थांबवूक व्हये," असं ते म्हणाले. म्हणजे अट हवी होती, आकडा नव्हे. स्क्रिप्टिंग भाषेची खरी गरज मला त्यांच्या त्या एका वाक्यात कळली.

दुसरा: पॅकेजची शेअर्ड लायब्ररी, जी प्रोग्रॅमच्या बाहेरच राहते आणि तो सुरू होताना जोडली जाते. मेकफाइलमध्ये आवृत्तीसकट नाव घातलं की काम झालं. पण काकांच्या भावाकडे असंच दुसरं यंत्र आहे, त्याच्या कार्डावर ते पॅकेज नाही, आणि दोन्ही ठिकाणी इंटरनेटचा भरवसा नाही. प्रोग्रॅम तिथे नेला तर सुरूच होणार नाही.

तिसरा: पॅकेजचीच, पण स्टॅटिक लायब्ररी. लुआ प्रोग्रॅमच्या आत येते, एक फाइल नेली की पुरे.

चौथा: फेब्रुवारीसारखं सोर्स सोबत ठेवून सगळं जी++ ने कंपाइल करायचं.

तिसरा की चौथा, यावर आमची बरीच चर्चा झाली. चौथ्याच्या बाजूने आणखी एक भक्कम मुद्दा होता. लुआत चूक झाली की सी म्हणून कंपाइल केलेली लुआ 'लाँगजम्प' ने थेट मागे उडी मारते. मधल्या सी++ फंक्शनांतले डिस्ट्रक्टर (आवराआवर करणारी फंक्शनं) त्यामुळे चालत नाहीत, उघडलेली साधनं तशीच उघडी राहतात. सी++ म्हणून कंपाइल केलेली लुआ त्याऐवजी एक्सेप्शन फेकते आणि मागचं सगळं नीट आवरलं जातं. लोड सेलशी बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हे महत्त्वाचं आहे. चौथ्याच्या विरोधात एकच गोष्ट होती: इतरांनी सी साठी बनवलेले लुआचे जोड-मॉड्यूल त्यात बसणार नाहीत. ते इथे लागतच नव्हते. पण लॅपटॉपवरचा सगळा सोर्स इथे आणून नीट बसवायला वेळ हवा होता, आणि शुक्रवारी सकाळी पुन्हा तोडणी होती.

काय केलं

त्या संध्याकाळी तिसरा पर्याय, तात्पुरता. स्टॅटिक लायब्ररीचा पूर्ण पत्ता मेकफाइलमध्ये दिला. नुसतं '-एल' दिलं तर स्टॅटिक आणि शेअर्ड दोन्ही असताना लिंकर शेअर्ड निवडतो, म्हणून पूर्ण पत्ता. जोडणी पुन्हा अडली. या वेळी नावं होती डीएलओपन, डीएलसिम, डीएलएरर, डीएलक्लोज.

तिने यादी पाहिली आणि मी बोलायच्या आत म्हणाली, "सर, यातलं एकही नाव लुआचं नाही."

बरोबर. पॅकेजची लुआ बाहेरची मॉड्यूल चढवण्यासाठी सिस्टमची ही फंक्शनं वापरते आणि जुन्या सिस्टमवर ती 'डीएल' नावाच्या वेगळ्या लायब्ररीत असतात. शेअर्ड लायब्ररी आपल्या गरजा स्वतः नोंदवून ठेवते, स्टॅटिक ठेवत नाही, त्या आपल्याला सांगाव्या लागतात. ओळीच्या शेवटी '-एलडीएल' टाकलं आणि जुळलं. तीच ओळ 'डीएल' शिवाय तिच्या लॅपटॉपवर बिनतक्रार जुळत होती. २०२१ च्या ग्लिबसी (लिनक्सची मुख्य सी लायब्ररी) २.३४ पासून ही फंक्शनं मुख्य लायब्ररीतच आणली गेली आहेत. लॅपटॉपवर २.३५ होती, पायवर २.२८.

मग चाचणी. या वेळी आंबे नाहीत. शेजारच्या दुकानातून २००, १०० आणि ५० ग्रॅमची वजनं मागून आणली आणि वाटीत २००, २५०, ३००, ३५० अशी ठेवून प्रत्येक वेळी नियमांच्या फाइलीत काय पोचतं ते छापलं. चारही वेळा आकडा लोड सेलच्या आकड्याशी जुळला, दार बरोबर उघडलं. मग काकांनी स्वतः फाइल उघडून पाच डझनीची सीमा दोन ग्रॅमने खाली घेतली, आणि २५० वर उघडणारं दार अपेक्षेप्रमाणे बदललं.

पुढच्या आठवड्यात तिने चौथा पर्याय शांतपणे बसवला. लुआ ५.३ चा सोर्स प्रोजेक्टमध्येच, सगळं जी++ ने, साध्या 'लुआ.एच' वर. म्हणजे फेब्रुवारीची मांडणीच, फक्त ती तशी का आहे हे आता मेकफाइलच्या वरच्या चार मराठी ओळींत लिहिलेलं आहे.

निष्पत्ती

शुक्रवारपासून हंगाम संपेपर्यंत यंत्र नव्या प्रोग्रॅमवर चाललं. काकांनी सीमा बऱ्याच वेळा बदलल्या आणि त्यासाठी पुतणीला एकदाही फोन करावा लागला नाही. एप्रिलमध्ये एकदा त्यांच्याकडून अटीतला 'एंड' राहून गेला. लुआने ओळ क्रमांकासकट चूक दाखवली, यंत्र आधीच्या नियमांवर चालू राहिलं, आणि त्यांनी ती स्वतः दुरुस्त केली. भावाच्या यंत्रावर तीच एक फाइल नेली आणि तीही चालली. सोमवार ते गुरुवार असे तिच्या रजेतले चार दिवस गेले, ते मात्र परत मिळाले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

जुना प्रोग्रॅम सोमवारी संध्याकाळीच परत चढवायला हवा होता. मंगळवार आणि बुधवार तिने तोडणीचं दडपण डोक्यावर घेऊन काम केलं, आणि पाच फंक्शनांचा जुगाड त्याच दडपणातून आला. कार्डावर प्रत होती, पण ती वापरायचा विचार रात्री उशिरा झाला.

मी निरोपाचा वरचा भाग आधी मागायला हवा होता. आता कुणीही मदत मागितली की मी पहिल्या वीस ओळी मागतो आणि तीन गोष्टी बघतो. नावापुढे कंस आहे का, नावं सगळी अडलीत की काही, आणि नावं आपल्या भाषेची आहेत की परक्या लायब्ररीची. आमच्या तिन्ही अडचणी पडद्यावर जवळजवळ सारख्या दिसत होत्या आणि तिघींची कारणं वेगळी होती.

मंगळवारी केलेले प्रयोग फसल्यावर मेकफाइल दर वेळी मूळ रूपात परत आणली असती, तर '-एललुआ' तिथे राहिलंच नसतं आणि बुधवारी सकाळी 'लुआ.एचपीपी' घालताच शेअर्ड लायब्ररीवर सगळं जुळलं असतं. दुसरी अडचण पूर्णपणे आमचीच पैदास होती. ती आता प्रत्येक बदल गिट या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या साधनात नोंदवते आणि उपयोग झाला नाही तर लगेच मागे घेते.

'/यूएसआर/लोकल' मधली जुनी लुआ काढून टाकावी का, यावर आमचं एकमत झालं नाही. तिला ती काढायची होती. मी नको म्हणालो, कारण पुरवठादाराचा पडद्याचा प्रोग्रॅम पुन्हा बांधायची वेळ आली तर तिच्याशिवाय अडेल, आणि भर हंगामात तो धोका कशाला. ती अजून तिथेच आहे. त्याऐवजी नव्या प्रोग्रॅममध्ये लुआ सुरू झाल्याबरोबर पहिली हाक लुआएल_चेकव्हर्जनला जाते. ५.१ मध्ये हे फंक्शनच नाही, त्यामुळे चुकून जुनी लायब्ररी आली तर जोडणीच होणार नाही. ५.४ ची आली तर पहिलं फळ वाटीत पडायच्या आधी प्रोग्रॅम आवृत्ती जुळत नाही असं सांगून थांबेल.